माती परीक्षणाचा अहवाल: काय कळले आणि काय कळायचे राहिले

एप्रिलमध्ये उसाचा खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटून आलेले पीक) तुटून गेल्यावर, आडसाली म्हणजे पावसाळ्यातल्या नव्या लागणीच्या आधी, सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यातील आमच्या काळ्या रानातील मातीचा नमुना मी जिल्ह्यातील एका माती परीक्षण प्रयोगशाळेत दिला. त्यापूर्वी एका खतविक्रेत्याकडून मोफत तपासणी झाली होती. त्यांच्या माणसाने बांधाकडेच्या दोन मुठी माती पिशवीत भरली, आणि आलेल्या कागदावर त्याच दुकानातील खतांची यादी होती. या वेळी पैसे मोजून रीतसर तपासणी करून घ्यायची, असे मी ठरवले होते. सर्व सूक्ष्म अन्नद्रव्यांसह झालेला खर्च डीएपी या स्फुरदाच्या (फॉस्फरसच्या) खताच्या एका गोणीपेक्षा कमीच होता.

प्रयोगशाळेबद्दल माझा विश्वास बसला तो नमुना देतानाच. तिथल्या मॅडमनी नाव-गट नंबर लिहून घेण्याआधी विचारले, "माती कशात कालवली?" मी घरचे पत्र्याचे घमेले वापरले होते. पत्र्याला जस्ताचा मुलामा असतो आणि तो मातीत उतरला की अहवालात जस्त भरपूर दिसते, असे सांगून त्यांनी नमुना परत केला. मग मी नागमोडी चालत बारा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचे 20 सें.मी. खोल खड्डे घेतले, खड्ड्याच्या कडेची माती लाकडी पट्टीने वरपासून खालपर्यंत सारखी खरवडली, प्लास्टिकच्या टबात कालवली, आणि ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत टाकत अर्धा किलो उरेपर्यंत आणली. बांध, झाडाची सावली, शेणखताच्या ढिगाची जागा आणि पाटाची कड वगळली. ही मेहनत टाळली तर पुढचे सगळे आकडे निरर्थक ठरतात, हे प्रत्येक शेतकऱ्याने मनावर घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

बारा दिवसांनी अहवाल मिळाला. सामू (पीएच) 8.3, क्षारांचे प्रमाण दाखवणारी विद्युत वाहकता 0.62, सेंद्रिय कर्ब 0.48 टक्के, मुक्त चुना 11 टक्के, स्फुरद आणि पालाश भरपूर, जस्त 0.42 आणि लोह 3.8 पीपीएम (दहा लाखांत इतके भाग). जस्ताची 0.6 आणि लोहाची 4.5 ही किमान पातळी धरली, तर दोन्हींची कमतरता उघड आहे. खोडव्याची कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी का पडत होती आणि युरिया टाकूनही ती का सुधारत नव्हती, याचे उत्तर मला या दोन ओळींत मिळाले. शिफारशीप्रमाणे हेक्टरी 25 किलो फेरस सल्फेट आणि 20 किलो झिंक सल्फेट शेणखतात मुरवून द्यायचे आहे, कारण चुनखडीच्या रानात ते नुसते टाकले तर पिकाला लागू होण्याआधीच अडकून बसते. स्फुरद पुरेसा असल्याने डीएपीची मात्राही कमी होईल. केवळ एवढ्यासाठीच तपासणीचे पैसे वसूल झाले, असे मी म्हणेन.

मात्र नत्राच्या (नायट्रोजनच्या) आकड्यावर फार विसंबू नये. अनेक प्रयोगशाळांत नत्र प्रत्यक्ष मोजले जात नाही, सेंद्रिय कर्बावरून त्याचा अंदाज काढतात. मी विचारल्यावर इथेही तसेच असल्याचे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. कर्बाची नेहमीची पद्धत म्हणजे डायक्रोमेट आणि गंधकाम्लाने करायची वॉकली-ब्लॅक पद्धत. तिच्यात सगळा कर्ब जळत नाही, म्हणून आलेल्या आकड्याला सुमारे 1.3 ने गुणावे लागते. चाळलेल्या मातीत पाचटाचा बारीक तुकडा राहिला तरी आकडा वर जातो. तेव्हा 0.48 चा पुढच्या वर्षी 0.52 झाला म्हणून जमीन सुधारली, असे मी मानणार नाही.

स्फुरदासाठी ओल्सेन पद्धत वापरली होती. आमच्या चुनखडीच्या, विम्ल (अल्कधर्मी) जमिनीला तीच योग्य आहे. कोकणातील आम्लधर्मी जांभ्या जमिनीला ब्रे पद्धत लागते, म्हणून तिकडच्या मंडळींनी अहवालावर पद्धतीचे नाव आहे का, ते जरूर पाहावे.

या सेवेतील खरी उणीव वेगळीच आहे. माती वाळवून, कुटून, 2 मि.मी.च्या चाळणीतून काढली की तिची घडण संपते. ती पाणी कसे पिते, मुळाला वाट देते की नाही, हे त्या पिशवीत उरतच नाही. म्हणून मी घरी दोन काचेच्या बरण्यांत पाणी घेतले आणि तोंडाशी जाळी अडकवून एकीत बांधावरच्या हरळीखालचे, तर दुसरीत सरीतले वाळलेले ढेकूळ ठेवले. सरीतले ढेकूळ पाच मिनिटांच्या आत विरघळल्यासारखे खाली बसले. बांधावरचे तासाभरानंतरही जाळीवर शाबूत होते आणि त्यातून पांढरी मुळे लोंबत होती. एकाच रानाची, दहा पावलांच्या अंतरावरची ही माती, आणि अहवालात या फरकाला एकही रकाना नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीही सरीच्या बरणीतले पाणी निवळले नव्हते, गढूळच होते. हे चोपणपणाचे, म्हणजे सोडियम वाढून मातीची घडण मोडल्याचे, लक्षण असू शकते, आणि कृष्णाकाठी पाण्याच्या अतिवापराने खराब झालेली राने पाहिलेल्या माणसाला त्याची धास्ती वाटतेच. सामू आणि वाहकता एवढ्यावरून चोपण जमीन नक्की ओळखता येत नाही. त्यासाठी विनिमयक्षम, म्हणजे मातीच्या कणांना धरून असलेल्या, सोडियमची टक्केवारी लागते, आणि ती 15 च्या वर गेली तर जमीन चोपण समजतात. ही चाचणी नेहमीच्या तपासणीत नव्हती, वेगळी मागावी लागते, आणि हे फलकावर कुठेही लिहिलेले नाही. कृष्णाकाठच्या प्रयोगशाळेने निदान आठच्या वर सामू आलेल्या शेतकऱ्याला ते स्वतःहून सांगायला हवे.

मी त्याच प्रयोगशाळेत दुसरा नमुना सोडियमसाठी दिला आहे. तो आकडा हातात येईपर्यंत चोपण जमीन सुधारायला टाकतात त्या जिप्समची एकही गोणी आणणार नाही. तोवर निम्म्या रानात हिरवळीच्या खतासाठी ताग पेरला आहे. तो गाडल्यानंतर दोन्हीकडची ढेकळे पुन्हा त्याच बरण्यांत ठेवणार आहे.