दोन बादल्यांचा कारधुलाई सेट: नागपूरच्या धुळीत किती उपयोगाचा?

सेट घ्यावा. फक्त त्यातली जाळी वगळून घेऊ नका, कारण खरं काम तीच करते.

दोन बादल्या, त्यांच्या तळाशी बसणाऱ्या दोन जाळ्या, एक मिट (हातमोज्यासारखं धुवायचं फडकं), पीएच न्यूट्रल, म्हणजे आम्लही नाही आणि अल्कलीही नाही असा, शॅम्पू आणि सुकवायचा टॉवेल, एवढंच सामान असतं. कुठल्याही कंपनीचा घ्या, पारखायच्या गोष्टी त्याच.

कारखान्यातून आलेल्या रंगाची एकूण जाडी साधारण 100 ते 140 मायक्रॉन असते. त्यातला वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण 40 मायक्रॉनचा. माणसाचा केस 70 च्या आसपास धरला तर हा थर अर्ध्या केसाइतका. उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेषा दिसतात, त्या याच थरातले बारीक ओरखडे. ते खरं तर सगळ्या दिशांना गेलेले असतात. उजेडाभोवती आडवे पडलेले तेवढे चमकतात म्हणून गोल भासतात. आणि नागपूरची धूळ मऊ नाही. सिमेंट रस्त्यांची भुकटी, बांधकामांची वाळू, कोराडी-खापरखेडाकडच्या भागात वीजकेंद्रांची बारीक राख. वाळूचा कण क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण. त्यामुळे कोरड्या गाडीवर फडकं फिरवणं म्हणजे पॉलिश पेपर फिरवणंच.

म्हणून या सेटकडे एकाच प्रश्नाने बघायचं: गाडीवरून निघालेला कण शेवटी जातो कुठे? एका बादलीत धुतलं तर तो पाण्यात फिरतो, मिटला चिकटतो आणि पुन्हा दारावर घासला जातो. दोन बादल्यांत एक शॅम्पूची, दुसरी साध्या पाण्याची. पॅनल म्हणजे दार, बॉनेट असा गाडीचा एकेक भाग. अर्धं पॅनल पुसून झालं की मिट आधी साध्या पाण्यात, जाळीवर पाच-सहा वेळा घासायचा, पिळायचा, मगच शॅम्पूत बुडवायचा. जाळी तळापासून निदान चार बोटं उंच हवी आणि खाली उभ्या पट्ट्या हव्यात. पट्ट्यांमुळे तळाचं पाणी ढवळत नाही, गाळ वर येत नाही. नुसती सपाट जाळी मिळत असेल तर पैसे वाया. बादली 15 ते 20 लिटरची आणि फिक्या रंगाची घ्या. गाडी झाल्यावर साध्या पाण्याची बादली हळूच ओता, जाळी उचला आणि तळाचा राखाडी गाळ चिमटीत घेऊन चोळा. करकर वाजतो. जाळी नसती तर तो सगळा गाडीच्या रंगावर फिरला असता.

मिट दोन हवेत, सेटमध्ये बहुतेकदा एकच येतो. एक छतापासून दाराच्या मध्यापर्यंत, दुसरा खालच्या पट्टीला आणि बंपरला. शेवयांसारखे गोंडे असलेला शेनील मिट स्वस्त असतो आणि घरच्या वापराला पुरतो, पण कण गोंड्यांच्या मुळाशी अडकून बसतात. धुताना गोंडे बोटांनी फाकवून बघावं लागतं. लांब केसांचा दाट मायक्रोफायबर मिट कण लवकर सोडतो. जमत असेल तर तोच घ्यावा. मिट हातातून जमिनीवर पडला की त्या दिवशी तो रंगाला लावायचा नाही. झटकून चालत नाही.

शॅम्पूची परीक्षा फेसावर करू नका, दोन बोटांत चोळून निसरडेपणा बघा. कणाला रंगावरून घसरवून नेतो तो निसरडेपणा. फेस डोळ्यांना बरा वाटतो इतकंच. प्रमाण बाटलीवरचंच पाळा, बहुतेकांचं 10 लिटरला 30 ते 50 मिली असतं. कपड्याची पावडर अल्कलीयुक्त असते, ती रंगावर लावलेलं मेण उतरवते आणि रबराच्या पट्ट्या कोरड्या पाडते.

पाण्याचं मात्र या शहरात जपायलाच हवं. उन्हाळ्यात कूलरच्या जाळीवर पांढरी खापरी धरते ना, तेच कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार बोअरच्या पाण्याचे थेंब वाळले की बॉनेटवर राहतात, आणि तापलेल्या रंगात खड्डा पाडतात. शेवटचं पाणी तरी नळाचं, म्हणजे पेंच-कन्हानचं वापरा. बोअरशिवाय सोय नसेल तर एकेक पॅनल धुऊन लगेच सुकवा. शॅम्पू जास्त घातल्याने कठीण पाण्याची भरपाई होत नाही, उलट साबणाचा पापुद्रा राहतो. ताजे डाग समभाग पांढरा व्हिनेगर आणि डिस्टिल्ड वॉटरने निघतात. मिनिटभर ठेवून भरपूर पाण्याने धुवा. जुने डाग पॉलिशशिवाय जात नाहीत.

वेळ पहाटेची. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तर सात वाजायच्या आत संपवा. बॉनेटवर तळहात पाच सेकंद ठेवता येत नसेल तर धुवायला घेऊच नका, शॅम्पू जागीच वाळतो.

क्रम असा: आधी चाकं, वेगळा ब्रश आणि वेगळं पाणी घेऊन, कारण ब्रेकची लोखंडी भुकटी सगळ्यात वाईट. मग वरून खाली पाणी. प्रेशर मशीन असेल तर 25 किंवा 40 अंशांचा पसरट नोझल, फूटभर अंतरावरून. शून्य अंशाचा नोझल रंगाला लावायचाच नाही. मिट छतापासून सरळ रेषेत, वजन न देता. दर अर्ध्या पॅनलला बुडवायचा. सुकवताना टॉवेल पसरून फक्त ओढायचा. तो सेटमधला सहसा पातळच निघतो. 800 जीएसएमच्या (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन) वरचा वेगळा घ्यावा. धुताना कपड्यांचं कंडिशनर घालू नका, त्याने तंतू बुजतात आणि टॉवेल पाणी पीत नाही.

ज्यांना वेळ नाही त्यांनी वॉशिंग सेंटरला जावं, फोमने काही बिघडत नाही. बिघडतं ते चाकाला लावलेला स्पंज बॉनेटवर आल्याने. आपला मिट आणि टॉवेल सोबत न्या, किंवा फोम आणि पाणी मारून द्या, पुसू नका, असं स्पष्ट सांगा. खालून डिझेल फवारायला सरळ नाही म्हणा. सस्पेन्शनचे रबरी बुश त्याने फुगतात. सोसायटीत रोज गाडी पुसणारे दादा एकाच बादलीत दहा-पंधरा गाड्या करतात, त्यात त्यांचा दोष नाही. त्यांना रोज फक्त काचा पुसायला सांगा आणि आठवड्यातून एकदा आपल्या दोन बादल्या द्या.

पार्किंगमध्ये नळच नसेल तर हा सेट अर्धाच कामाचा. तिथे रिन्सलेस, म्हणजे नंतर पाण्याने धुवावं न लागणारं, द्रावण बरं. त्यातल्या ऑप्टिमम नो रिन्स या द्रावणाचं प्रमाण 1 ला 256, म्हणजे 8 लिटरला साधारण 30 मिली. आधी तेच द्रावण फवारून दोन मिनिटं भिजू द्या, मग पुसा. पण पावसाळ्यात काटोल किंवा उमरेडकडून काळी माती माखून आलेल्या गाडीला हे वापरू नका. ती माती वाळली की घट्ट धरते. पाणी मारून दहा मिनिटं भिजवा, पुन्हा मारा, आणि खालून वाहणारं पाणी स्वच्छ होईपर्यंत मिट हातात घेऊ नका.