बिशप, वडील की सगळी मंडळी? घटना लिहिण्याआधी

स्वतंत्र ख्रिस्ती मंडळीने, म्हणजे एका चर्चच्या सभासदांनी, बाळसं धरलं, जागा घ्यायचं घाटू लागलं, की घटना, म्हणजे कारभाराचे नियम, लिहायचा विषय निघतो. मग कुणी म्हणतं बिशप (अनेक मंडळ्यांवरचा एक अधिकारी) हवा, कुणी म्हणतं वडिलांची (मंडळीने निवडलेल्या ज्येष्ठांची) सभा पुरे, कुणी म्हणतं सगळं मतदानाने ठरवू. प्रत्येकाकडे बायबलमधली वचनं तयार असतात, त्यामुळे वचनांवर हा वाद मिटत नाही. मी एकच प्रश्न विचारतो: पाळक (चर्चचा पास्टर) आणि मंडळी यांचं बिनसलं तर दाद कुठे मागायची? सगळं गोडीगुलाबीने चाललेलं असताना तिन्ही पद्धती सारख्याच वाटतात.

बिशपच्या पद्धतीत उत्तर सोपं आहे. नेमणूक त्याची, बदलीही त्याची. एका पत्रावर निकाल लागतो, आणि खेड्यातल्या गरीब मंडळीलाही पाळक मिळतो. तक्रार खुद्द बिशपबद्दल असली की मात्र पंचाईत.

सगळं मतदानाने ठरवणाऱ्या काँग्रिगेशनल पद्धतीत मंडळीची सभा सर्वोच्च. पाळकाला बोलावणारी तीच, घरी पाठवणारीही तीच. छोट्या, एकदिलाच्या मंडळीला हे शोभतं. पण सभेत दोन-तीन मोठ्या घराण्यांचीच माणसं जास्त असली, तर मतदानाचा निकाल सभेआधीच ठरलेला असतो, आणि बाहेर अपील नाही.

प्रेस्बिटेरियन, म्हणजे वडिलांच्या सभांची, पद्धत या दोन्हींच्या मधली म्हणतात, पण ते अर्धंच खरं. इथे मंडळी वडील निवडते. पाळक आणि वडील मिळून सेशन होतं. आसपासच्या मंडळ्यांचे पाळक आणि वडील मिळून प्रेस्बिटेरी, आणि सर्वांत वर जनरल असेम्ब्ली. पाळकाला आमंत्रण मंडळी देते, पण दीक्षा देऊन पदावर बसवते प्रेस्बिटेरी, आणि त्याला हटवायचं तर तिच्यासमोरच जावं लागतं. तो उत्तरदायी प्रेस्बिटेरीला. म्हणजे चिडलेले चार सभासद त्याला रातोरात काढू शकत नाहीत, आणि तोही ‘मी म्हणेन ती पूर्व’ करू शकत नाही.

ही रचना एका बैठकीत ठरलेली नाही. प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विनने 1541 मध्ये जिनिव्हात पाळक, शिक्षक, वडील आणि डीकन (गरिबांची काळजी घेणारे) अशी चार पदं ठरवली. पण तिथले बारा वडील नगराच्या परिषदांमधून यायचे. म्हणजे सरकारचा हात होताच. स्कॉटलंडच्या संसदेने 1560 मध्ये पोपचा अधिकार नाकारला, तेव्हा वडील आणि सेशन होतं, प्रेस्बिटेरी नव्हती. ती 1581 पासून उभी राहिली, चर्चचा पुढारी अँड्र्यू मेल्व्हिल आणि त्याच्या साथीदारांच्या आग्रहाने. याच मेल्व्हिलने 1596 मध्ये राजा सहाव्या जेम्सची बाही धरून त्याला सुनावलं होतं, की स्कॉटलंडमध्ये दोन राजे आहेत, आणि ख्रिस्ताच्या राज्यात जेम्स हा राजा नाही, नुसता सभासद आहे. जेम्स हे विसरला नाही. इंग्लंडची गादी मिळाल्यावर 1604 मध्ये ‘बिशप नाही तर राजा नाही’ हे त्याने बोलून दाखवलं. बिशप आले, 1638 च्या ग्लासगो असेम्ब्लीने त्यांना घालवलं, नंतर ते परत आले, आणि 1690 मध्ये कायमचे गेले.

एकाच माणसाच्या हाती सगळं जाऊ नये, ही धास्ती त्यामुळे प्रेस्बिटेरियन पद्धतीच्या नियमांत मुरली आहे. असेम्ब्लीचा मॉडरेटर, म्हणजे अध्यक्ष, एका वर्षापुरताच. एडिनबराच्या असेम्ब्ली हॉलमध्ये राजाच्या प्रतिनिधीची गॅलरी आजही सभेच्या बाहेरची मानली जाते. तो बसतो, ऐकतो, पण सभासद नाही.

म्हणून या पद्धतीत फूट पडत नाही असं समजू नका. पाळक कोण हे जमीनदाराने ठरवायचं, असा कायदा स्कॉटलंडमध्ये 1712 मध्ये आला. त्यावरून 1843 मध्ये सुमारे साडेचारशे पाळक घर, पगार, चर्च सोडून फ्री चर्च या नव्या, वेगळ्या चर्चमध्ये गेले. मुंबईत जॉन विल्सन आणि कलकत्त्यात अलेक्झांडर डफ हे स्कॉटिश मिशनरी त्यांच्याच बाजूने गेले. डफना तर कॉलेजची इमारत सोडावी लागली.

आपल्याकडे या तिन्ही धारा आल्या. अहमदनगरची अमेरिकन मराठी मिशन काँग्रिगेशनल, कोल्हापूरची अमेरिकन मिशन प्रेस्बिटेरियन. दोन्ही परंपरा 1924 मध्ये एका चर्चमध्ये आल्या, आणि 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं तेव्हा अँग्लिकन बिशपही त्यात आले. तिथे बिशप आहे, पण त्याच्या शेजारी सभा आणि समित्याही आहेत. त्यामुळे शुद्ध नमुना शोधत बसू नका.

माझा कौल प्रेस्बिटेरियन पद्धतीला आहे, पण एका अटीवर. तुमच्या मताच्या निदान दोन-तीन शेजारी मंडळ्या हव्यात. एकट्या मंडळीने वडील नेमले म्हणून प्रेस्बिटेरियन होत नाही. अपीलच नसेल तर ती वडिलांची कमिटी असलेली काँग्रिगेशनल मंडळी. अशी एकटी मंडळी असाल, तर घटनेत बाहेरच्या दोन पाळकांना लवाद म्हणून आत्ताच लिहून ठेवा, भांडणाआधी.

आणि जागा कुणाच्या नावावर, हे कोणत्याही पद्धतीत आधी ठरवा. फ्री चर्चचा मोठा गट 1900 मध्ये दुसऱ्या चर्चमध्ये विलीन झाला. 1904 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने सगळी मालमत्ता न गेलेल्या मूठभरांना दिली, आणि पुढच्या वर्षी ती वाटून द्यायला संसदेला वेगळा कायदा करावा लागला. आपल्याकडे असा घोळ धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत जातो, आणि तिथे तारखा पडतात.