कॅशमिअर बकऱ्या: विंचरायच्या की कातरायच्या?

आमच्याकडे अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये सहा बकऱ्या आहेत. पहिली दोन वर्षं आम्ही त्या कातरल्या, गेली पाच वर्षं विंचरतोय. ज्यांच्या दारात नुकत्याच चार-दोन बकऱ्या आल्यात आणि ज्यांचा पहिलाच मोसम तोंडावर आलाय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. जात कुठली, खुराक काय, गोठा कसा, हे तुम्ही पाहिलेलं असणारच.

मी मूळचा माणदेशातला. धनगर मेंढ्या कातरतात ते लहानपणापासून पाहिलेलं. मेंढी आडवी पाडायची, पाय धरायचे, कातर खरखरायला लागली की बघता बघता मेंढी उघडी. त्यामुळे आपल्या बकऱ्याही कातरायच्या, यात मला विचार करण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर कातरण्याचे फायदे आहेत. विजेची मशीन असेल तर एक बकरी पंधरा-वीस मिनिटांत होते. शनिवारी सकाळी सुरू केलं की दुपारच्या जेवणापर्यंत सगळी मोकळी. लव, म्हणजे राठ केसांखालची मऊ लोकर, कुंपणाच्या तारांना चिकटून वाया जात नाही, आणि अंगात उवा झाल्या असतील तर त्याही दिसतात.

अडचण थंडीची. लव आपोआप सुटून गळायच्या आधी कातरावं लागतं, म्हणजे फेब्रुवारीच्या शेवटी. तेव्हा आमच्याकडे रात्री पारा शून्याच्या खाली दहा-पंधरावर असतो. आम्ही जुन्या स्वेटरच्या बाह्या कापून बकऱ्यांना अंगरखे घातले, गोठ्यात पेंढा दुप्पट पसरला. निभावलं. थंडीसाठी मी कातरणं सोडलं नसतं.

विंचरण्याचं काम चिवट आहे, हे आधीच सांगतो. लव सगळ्या अंगावरची एकदम सुटत नाही. आमच्यात मान आणि खांदे आधी सुटतात, पाठ आणि मांड्या मागाहून. दर दोन-तीन दिवसांनी बकरीला दूध काढायच्या स्टँडवर उभी करायची, पुढ्यात मूठभर दाणा टाकायचा आणि अर्धा-पाऊण तास लांब दातांचा कंगवा फिरवत बसायचं. असं दोन-तीन आठवडे. लव सुटलेली नसताना ओढाल तर कातडी लाल होते आणि बकरी पुढच्या वेळी जवळ येत नाही. सुटली की मात्र हाताला कळतं. कंगवा अडखळत नाही, दातांवर सायीसारखा थर जमतो. नोकरीवर मार्च-एप्रिलमध्येच घाई असणाऱ्यांना हे जमेलच असं नाही.

तरीही आम्ही विंचरण्याकडे वळलो, ते एका त्रासापायी. तो त्रास बारीक तुटलेल्या केसांचा.

कॅशमिअर म्हणजे राठ केसांखालची लव. लव 19 मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक, राठ केस तिच्या कितीतरी पट जाड. विंचरताना जे राठ केस येतात ते बहुतेक अख्खे, लांब असतात. पुंजका डाव्या हाताच्या चिमटीत धरला की टोकं बाहेर डोकावतात आणि उजव्या हाताने ओढली की सरळ निघून येतात. तांदळातले खडे निवडण्याइतकं सोपं. कातरताना मात्र तेच केस तुकडे होऊन पडतात. मशीन एका जागी दुसऱ्यांदा फिरली की सेंटिमीटरभर लांबीचे तुकडे, लवीएवढेच किंवा तिच्याहूनही आखूड. त्यांना धरायला टोकच नसतं. पिंजताना ते लवीत आणखी खोल जातात, आणि सूत कातलं की पिळातून काट्यासारखे उभे राहतात.

दोन हिवाळे मी जेवणाच्या टेबलावर काळं कापड पसरून, वर दिवा ओढून, चिमट्याने ते तुकडे वेचले. रोज रात्री तास-दीड तास, आणि हाती पडायची मूठभर लव. इतकं करून पहिला मफलर विणला तो आईसाठी. ती म्हसवडहून इथे आली होती. तिने तो गळ्याभोवती घेतला, हात फिरवला, खूश झाली. पण दिवसभर बोटं कॉलरखाली जात होती. संध्याकाळी म्हणाली, "छान आहे रे, पण टोचतंय कुठंतरी." मी भिंगाखाली धरून पाहिलं. एकेका वितीत सात-आठ तुकडे होते.

विकणार असाल तर हा प्रश्न नुसता टोचण्याचा राहत नाही. अमेरिकेत 2006 च्या कायद्यानुसार लेबलवर कॅशमिअर लिहायचं तर 30 मायक्रॉनहून जाड तंतू वजनाने 3 टक्क्यांच्या वर चालत नाहीत. जाड केस वजनदार असतात, त्यामुळे थोडेही पुष्कळ होतात. गिरणीत यंत्राने केस वेगळे करून मिळतात, पण बऱ्याच ठिकाणी किमान वजनाची अट असते. आमच्याकडे एका बकरीमागे साफ लव निघते शंभर-सव्वाशे ग्रॅम. सहा बकऱ्यांच्या मालावर ती अट पुरी करायची तर दोन-तीन वर्षं साठवत बसावं लागेल.

लडाखच्या चांगथांग पठारावर चांगपा लोक आपल्या बकऱ्या विंचरतातच. ती लव, म्हणजे पश्मिना, तिथून काश्मीरला जाते आणि परंपरेने हाताने कातली जाते. मला आधी वाटायचं, त्यांच्याकडे मशीन नसतील म्हणून. आता वाटतं, हाताने निवडायचं असेल तर विंचरलेली लवच बरी, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असावं.

कातायला मी टकळी वापरतो. लव आखूड असते, तिला पीळ भरपूर लागतो, आणि वाटीत टेकवून फिरवायची हलकी टकळी ते काम चरख्याहून सोपं करते, निदान माझ्या हाताला. इथल्या हातमागवाल्यांच्या दुकानात तिला ‘टाकली’ असंच, आपल्याच शब्दाने, म्हणतात. वडील शाळेत कापूस काततच ती शिकले होते. पेळू (पिंजलेल्या तंतूंची सैल गुंडाळी) कसा धरायचा ते मला त्यांनीच व्हिडिओ कॉलवर दाखवलं.

पंधरा-वीस बकऱ्या असतील, किंवा माल गिरणीतच जाणार असेल, तर कातरणं मला चुकीचं वाटत नाही. पाच-सात बकऱ्या, स्वतः निवडणार, स्वतः कातणार, गळ्याशी घालायच्या वस्तू करणार, असं असेल तर एक मोसम विंचरून पाहा. कुंपणाच्या तारांवर पहिला पांढरा पुंजका दिसला की कंगवा काढायचा.

आमची एक चांदणी अजूनही कातरतो. ती कंगवा दिसला की स्टँडवरून उडी मारते आणि दोन वर्षांपूर्वी त्यात तिचा पाय मुरगळला होता. तिची लव वेगळ्या पिशवीत जाते, पिशवीवर तिचं नाव लिहिलेलं असतं. त्यातून खुर्चीवर टाकायची आसनं होतात, मफलर नाही. ही एक पिशवी मात्र चुकूनही बाकीच्यांत मिसळू देऊ नका. एकदा मिसळली की वर्षभराची लव परत निवडायला बसावं लागतं.