बॅरलवरचे नाव एक, आतले चेंबर दुसरेच

अमेरिकेत जुनी विंचेस्टर मॉडेल ७० रायफल विकत घेऊ पाहणाऱ्या मराठी मंडळींसाठी हा अनुभव लिहीत आहे. मी पेनसिल्व्हेनियात राहतो आणि शिकारीचा छंद मला चाळिशीनंतर जडला. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झालेली असल्यामुळे रायफल पारखायला शिकवणारे घरात कोणीच नव्हते. जे काही कळले ते वाचून आणि विक्रेत्यांच्या तोंडून.

२००६ पर्यंत कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनच्या कारखान्यात तयार होत असलेल्या या रायफलीचे मोल १९६४ या एका सालावर ठरते. त्या वर्षी उत्पादनखर्च कमी करण्यासाठी कंपनीने जर्मन माउझर रायफलींच्या पद्धतीचा, काडतुसाची कड पंज्यासारखी धरून ठेवणारा लांब एक्स्ट्रॅक्टर (उडालेले काडतूस बाहेर ओढणारा आकडा) काढून टाकला आणि दस्त्यावरच्या कोरीव जाळीच्या जागी ठशाने दाबलेली नक्षी आणली. तेव्हापासून ‘चौसष्टपूर्व’ एवढे म्हटले की भाव चढतो, आणि तसे म्हणायला विक्रेते सहसा विसरत नाहीत.

बंदुकांच्या प्रदर्शनात मला दाखवलेली रायफल खरोखरच चौसष्टपूर्व होती. बॅरलवर, म्हणजे नळीवर, ‘.३०० एच अँड एच मॅग्नम’ अशी काडतुसाच्या नावाची स्वच्छ अक्षरे होती. पुन्हा पॉलिश करून काळी केलेल्या रायफलीची अक्षरे बोथट होतात आणि स्क्रूच्या भोकांच्या कडा खोलगट दिसतात, हे मला ठाऊक असल्याने मी दोन्ही गोष्टी भिंगातून तपासल्या व स्वतःवरच खूश झालो. ‘सगळे कारखान्यातून आले तसेच आहे,’ असे विक्रेत्याने दोनदा सांगितले. मी २,२०० डॉलर मोजले.

पहिल्याच गोळीनंतर बोल्ट (काडतूस आत ढकलणारा व बाहेर काढणारा खटका) मागे ओढला आणि हातात आलेली पुंगळी, म्हणजे काडतुसाचे रिकामे कवच, पाहून गोंधळलो. एच अँड एच म्हणजे हॉलंड अँड हॉलंड ही ब्रिटिश कंपनी; तिच्या १९२५ च्या या काडतुसाचे अंग निमुळते आणि खांदा लांब, उतरता असतो; माझ्या तळहातावरची पुंगळी मात्र फुगून जवळजवळ सरळ अंगाची झाली होती आणि तिच्या खांद्याला गोलाई आली होती. न उडवलेले काडतूस शेजारी धरले, तर दोघांचे नाते सांगूनही पटले नसते.

अमेरिकन रायफल-निर्माते रॉय वेदरबी यांनी १९४४ मध्ये याच पुंगळीपासून अधिक दारू मावणारे काडतूस तयार केले होते, आणि त्यासाठी अनेक मालकांनी आपल्या रायफलींची चेंबरे, म्हणजे बॅरलच्या मागच्या टोकाला काडतूस बसते ती पोकळी, कोरून मोठी करून घेतली. अशा चेंबरात मूळ काडतूस बसते, उडतेही. फक्त पुंगळी फुगून नव्या मापाची होते. माझ्या रायफलीच्या कुणा पूर्वीच्या मालकाने हेच केले होते, पण बॅरलवरचे नाव तसेच ठेवले होते. गनस्मिथने (बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराने) पाणी उकळते त्याहून कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू चेंबरात ओतून साचा काढला आणि माप दाखवले. हे काम अर्ध्या तासाचे होते, खरेदीआधी सहज करता आले असते. त्याच्या मते शिकारीला ती उत्तमच होती; संग्राहक मात्र तिला निम्मे पैसेही देणार नाहीत.

विक्रेत्याला फोन केला, तेव्हा आपण लाकूड आणि लोखंडाविषयी बोलत होतो, चेंबराविषयी नव्हे, असे तो शांतपणे म्हणाला. पावतीवर ‘आहे त्या स्थितीत’ एवढेच शब्द होते आणि त्यांखाली माझी सही.

रायफल मी ठेवली. पुढच्या महिन्यात त्याच गनस्मिथकडून बॅरलवर चेंबराचे खरे नाव ठोकून घेतले, त्यामुळे तिची किंमत आणखी थोडी उतरली.