ठाण्याहून निघालेला डोनर

दीड हजाराच्या आसपास रक्कम गेली. एवढ्यासाठी लिहायला बसलो नसतो. त्या रात्री एका खोट्या डोनरच्या भरवशावर मी प्लेटलेट द्यायला तयार असलेल्या दोन खऱ्या माणसांना "नको, झाली सोय" असं सांगून बसलो, ते अजून पचलेलं नाही.

माझा भाचा चार वर्षांचा. गाव जत तालुक्यात. ताप हटेना, पायावर निळसर ठिपके, प्लेटलेट कमी. आठवडाभर डेंग्यू म्हणूनच सलाईन चाललं. मिरजेला हाडातला मगज तपासला तेव्हा रक्ताचा कॅन्सर निघाला, एएलएल. परळला डॉक्टरांनी ताईला समोर बसवून सांगितलं, औषधं दोन-अडीच वर्षं चालतील, पण या आजारातली बहुतेक मुलं बरी होतात. ताईने फक्त "दोन-अडीच वर्षं" एवढंच ऐकलं.

पहिल्या महिन्याच्या केमोत रोगाच्या पेशींबरोबर चांगल्याही मरतात. तिसऱ्या आठवड्यात प्लेटलेट 9,000 वर आल्या, नाकातून रक्त थांबेना. डॉक्टरांनी एसडीपी आणायला सांगितलं. म्हणजे एकाच माणसाला मशीनला जोडून फक्त प्लेटलेट काढायच्या आणि बाकीचं रक्त त्याला परत द्यायचं. दाजींनी आदल्याच दिवशी दिल्या होत्या, पण तापात त्या टिकल्या नाहीत, आणि त्यांना पुन्हा द्यायला 48 तास व्हायचे होते. ताईचं हिमोग्लोबिन कमी. राहिलो मी. मी डोकं दुखतंय म्हणून रात्री डिस्प्रिन घेतली होती. तीन दिवस बाद. एका गोळीने!

मग व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाकला. पोराचं नाव, वय, आजार, वॉर्ड, बेड, रक्तगट, प्लेटलेटचा काउंट, माझा नंबर, काही म्हणून सोडलं नाही. तासाभरात फोन आला.

"दादा, ओ पॉझिटिव्हच ना? काउंट नऊ हजार? मी ठाण्याहून निघतोय. आधी चार वेळा दिल्यात, माझी व्हेन चांगली आहे."

'व्हेन' शब्दाने मी विरघळलो. मशीनच्या जाड सुईला शीर चांगली लागते, हे मला आदल्या दिवशीच कळलं होतं. हा माणूस जाणकार वाटला. बाकी जे तो सांगत होता ते माझ्याच मेसेजातलं होतं, हे ध्यानात यायला रात्र जावी लागली.

आधी पेट्रोलला 300. मग मुलुंडला गाडी पोलिसांनी धरली, 500. मग "मित्रालाही आणतोय, उद्या लागेलच ना", त्याचे 700. प्रत्येक वेळी आवाज घाईचा, मागे गाड्यांचे हॉर्न. त्याच दीड तासात दोघांचे फोन आले, एक लालबागचा पोरगा, एक बेस्टचे कंडक्टर. मी दोघांनाही आभार मानून मोकळं केलं. ब्लड बँकेतल्या ताई विचारत होत्या, "डोनर कुठाय? सॅम्पल तपासायला वेळ लागतो, काउंट बघायचा, एचआयव्ही, कावीळ सगळं बघायचं, मग मशीनवर दीड-दोन तास." मी म्हणत होतो, सायनपर्यंत आलाय.

नऊनंतर फोन बंद.

रात्री दोनला कुठून तरी दोन साध्या पिशव्या मिळाल्या, आरडीपी, म्हणजे नेहमीच्या रक्तदानातून वेगळ्या काढलेल्या प्लेटलेट. तोवर ताई पोराच्या नाकाला कापूस धरून बसली होती आणि मी जिन्यात. वर जायचं धाडस होत नव्हतं. पहाटे कंडक्टर साहेबांना लाज सोडून फोन केला. पहिल्या पाळीची रजा टाकून आले. पैशाचं नाव नाही. मी खिशात हात घातला तर रागावले. रक्त विकणं 1998 पासून आपल्याकडे बंद आहे, हेही त्यांच्याकडूनच कळलं.

दुसऱ्या दिवशी 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, तक्रार केली. त्या माणसाचं खातं रिकामं झालेलं होतं. लगेच केली असती तर पैसे अडकवता आले असते म्हणे.

आता मी मेसेजात वॉर्ड, बेड, काउंट घालत नाही. फक्त गट, ब्लड बँकेचं नाव, तारीख. फोन आला की म्हणतो, "ब्लड बँकेत पोचा, तिथल्या फोनवरून बोलू." पैसे आधी मागितले की फोन तिथेच ठेवून देतो. आणि डोनरचं सॅम्पल पास होईपर्यंत दुसऱ्याला 'नको' म्हणत नाही. नाव लिहून ठेवतो, परवा लागतोच. काम झालं की "गरज संपली" असा मेसेज टाकतो. आमचा जुना मेसेज चार महिन्यांनीसुद्धा कुणीतरी नागपूरहून विचारत होतं.

भाचा आता रोज रात्री गोळी खातो, केस आलेत, मला 'टकल्या मामा' म्हणतो.

मागच्या महिन्यात तपासणीला गेलो तेव्हा धर्मशाळेत शेजारच्या खोलीतले धुळ्याकडचे एक बाबा फोनवर बोलत होते, स्पीकर लावून. नाव वेगळं होतं, या वेळी कल्याणहून निघाला होता. ताई भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. "व्हेन चांगली आहे," पलीकडून आवाज आला. ताई पिठाच्या हातानेच उठली आणि त्यांच्या हातातला फोन काढून घेतला.