फाय चुनच्या टेबलावर लिहून घेतलेली ‘डुकराची टोपली’

चांद्र नववर्षाच्या आधी हाँगकाँगच्या शाम शुई पो भागात लाल कागदावर कुंचल्याने शुभवचने लिहून देणारे सुलेखनकार रस्त्याकडेला टेबल टाकून बसतात. दारावर चिकटवायच्या या कागदांना कँटोनीज भाषेत ‘फाय चुन’ म्हणतात. छापील, चमकीचे फाय चुन स्टेशनरीच्या दुकानात स्वस्तात मिळत असताना हाताने लिहिलेल्यासाठी 30 डॉलर मोजावेत का, हे पाहण्यासाठी मी अशाच एका टेबलावर गेले.

सुखरूप ये-जा घडो, हे दारावरचे नेहमीचे वचन सोडून मी ‘च्यू लुंग याप सोय’ लिहून मागितले. शब्दशः अर्थ असा, की डुकराची टोपली पाण्यात शिरली. पूर्वी डुकरांना बांबूच्या विणलेल्या टोपल्यांत घालून नेत. अशी टोपली पाण्यात बुडाली की प्रत्येक भोकातून पाणी आत येते, आणि कँटोनीज बोलीत ‘सोय’, म्हणजे पाणी, हा शब्द पैशासाठीही वापरतात. शंभर डॉलर म्हणजे ‘पाण्याचा एक गोळा’. आपल्याकडे पैसा पाण्यासारखा जातो, या वचनात तो पाण्यासारखा चहूकडून येतो, शिवाय मराठी कानाला त्यात पैशाची ‘सोय’ही ऐकू येते. मात्र व्यभिचाराचा आरोप असलेल्यांना याच टोपलीत कोंडून बुडवण्याच्या जुन्या शिक्षेचा वाक्प्रचारही भाषेत टिकून असल्याने मागणी करताना शब्द चुकवू नयेत.

लिहिणाऱ्याची खरी परीक्षा दुसऱ्या आणि तिसऱ्या अक्षरात होते, कारण ‘लुंग’ला 22 रेघा लागतात आणि त्याच्याच खाली येणाऱ्या ‘याप’ला फक्त 2. छापील कागदावर दोन्ही अक्षरे एकाच मापाच्या चौकोनात बसवलेली असल्याने पहिले गुदमरलेले आणि दुसरे उपाशी दिसते. टेबलावरच्या आजोबांनी ‘लुंग’ बारीक रेघांत आवरून धरले आणि ‘याप’चे दोन पाय असे जाड व ऐसपैस टाकले, की वरचा सगळा भार त्यांनी सहज पेलावा. तीस डॉलर मला येथेच वसूल झाले.

कागद मात्र पातळ होता, आणि रांग मोठी म्हणून शाई ओली असतानाच त्याची गुंडाळी करून हाती दिल्यामुळे नेमका ‘सोय’चा शेवटचा फटकारा पुसटून डाग पडला. वाळवण्यासाठी एखादी दोरी आणि चार चिमटे एवढ्यानेही काम भागले असते. लेखनासाठी मी पुढच्या वर्षीही तेथेच जाईन, पण कागद वाळेपर्यंत टेबलापासून हलणार नाही.