शिखर-वारंवारता काढायची: पीरिओडोग्राम की एआर?

आकड्यांच्या मालिकेतली सर्वात ठळक लय, म्हणजे शिखर-वारंवारता, दोन वाटांनी काढता येते. पीरिओडोग्राम प्रत्येक वारंवारतेची ताकद थेट आकड्यांवरून मोजतो; एआर (ऑटोरिग्रेशन) प्रत्येक आकडा मागच्या आकड्यांवरून सांगणारं समीकरण बसवतं आणि त्यावरून स्पेक्ट्रम, म्हणजे वारंवारतांच्या ताकदीचा आलेख, काढतं. आधी एक प्रश्न स्वतःला विचारा: तुमच्या मालिकेतलं आवर्तन घड्याळासारखं पक्कं आहे, की मागेपुढे होणारं? पद्धतीची निवड निम्मी तिथेच होते.

पांढऱ्या नॉइजमध्ये (सगळ्या वारंवारतांवर सारख्याच ताकदीचा गोंगाट) एकच शुद्ध साइन लाट असेल, तर पीरिओडोग्रामचं शिखर हाच सर्वाधिक शक्यतेचा अंदाज असतो. तिथे एआरच्या वाटेला जाऊच नये. नॉइज वाढला की एआरचं शिखर बोथट होतं आणि सरकतंही.

सूर्यावरच्या डागांचं तसं नाही. १७४९ ते १९२४ ही वार्षिक आकड्यांची १७६ वर्षं घ्या. एफएफटीचे (पीरिओडोग्राम झटपट काढायची गणनारीत) खण, म्हणजे ती ज्या ठरावीक वारंवारता तपासते त्या जागा, वर्षाला १/१७६ आवर्तन इतक्या अंतरावर पडतात, म्हणजे शिखर ११.७३, ११ किंवा १०.३५ वर्षं अशाच ठिकाणी दिसणार. मालिकेच्या शेवटी शून्यं जोडली तर मधली जागा वाचता येते, पण जवळजवळची दोन शिखरं त्याने सुटी होत नाहीत.

संख्याशास्त्रज्ञ यूल यांनी १९२७ मध्ये याच आकड्यांवर एआर(२), म्हणजे मागच्या दोन आकड्यांवरचं समीकरण, बसवलं. लंबकावर पोरं वाटाणे मारताहेत, असं त्यांचं चित्र होतं: लय आहे, पण धक्के खाणारी. गुणक आले १.३४२५ आणि −०.६५५०. एआर स्पेक्ट्रमला खण नसतात, हा मोठा फायदा. मेख वेगळीच आहे. पोलच्या (गुणकांवरून निघणारं समीकरणाचं संमिश्र मूळ; इथे ती जोडीने येतात) कोनावरून आवर्तनकाल १०.६ वर्षं निघतो, तर त्याच समीकरणाच्या स्पेक्ट्रमचं शिखर ११.२५ वर्षांवर! पोलची त्रिज्या जेमतेम ०.८१, त्यामुळे जोडीचा पोल शिखराला शून्य वारंवारतेकडे ओढतो. त्रिज्या १ च्या जवळ असती तर फरक नगण्य राहिला असता. तेव्हा आकडा कोणता दिला, ते अहवालात लिहाच.

एआरचे गुणक काढायच्या दोन रीतींपैकी कोणती, यूल-वॉकर की बर्ग? (हे वॉकर म्हणजे आपल्या मान्सूनच्या अंदाजासाठी झटलेले, १९०४ ते १९२४ हवामान खात्याचे प्रमुख.) विदा तोकडी असेल तर मी बर्ग घेईन, यूल-वॉकर तिथे शिखरं पसरट करतं. मात्र बर्गमध्ये ऑर्डर (समीकरणात मागचे किती आकडे धरले) जास्त झाली की एका शिखराची दोन होतात, आणि साइनच्या सुरुवातीच्या फेजनुसार (लाट कुठल्या टप्प्यावर सुरू झाली) शिखर थोडं हलतंही.

ऑर्डर एआयसीने (ऑर्डर निवडायचा एक निकष) सुचवली तरी तिच्यावर विसंबू नका, ती सहसा जास्तच सांगते. ऑर्डर दोन-चारने खालीवर करून पाहा. शिखर जागचं हललं, तर तो आकडा छापू नका.